तिसरी परत

९ जानेवारी

सगळ्या गल्लीला कळून झाल्यावर आजीला कळवायचं, ही रीत तू कुणाकडून शिकलीस? खालचा इस्त्रीवाला माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "नात परदेशात चालली म्हणे, पाठीवर बोजा घेऊन!" मी म्हटलं, हमाली करायला का? तो हसला. त्याच्या हसण्याचं मला काही नाही, दात तीनच उरलेत त्याचे. पण त्याला ठाऊक आणि मला नाही, ह्याचं आहे. त्याला तुझ्या मामीनं सांगितलं. मामीला तू सांगितलंस. आणि मला काल पाकीट मिळालं, त्यात चार ओळी. अकरा महिने फिरायला जाते, बॅग शिवून दे.

चि. टाचणीला आशीर्वाद. माझी तब्येत आहे तशीच आहे. फोन करू नकोस, मामी कानाला लावून देते आणि मला नुसती खरखर ऐकू येते. तंबूच्या कारखान्यात चौतीस वर्षं तीस मशीनींच्या मध्ये बसले, ती सगळी अजून कानात चालू आहेत. मामीच्या फोनवर बारीक अक्षरं पाठवलीस तर तीही नकोत. कागदावर मोठं लिही.

बॅग शिवणार नाही. परदेशी जाणाऱ्या माणसासाठी मी एकदाच बॅग शिवली, तुझ्या आईसाठी. तेव्हा तू चार वर्षांची होतीस. सहा महिने काम करून येते म्हणाली. एकवीस वर्षं झाली. बॅगही आली नाही, बाईही आली नाही.

आणि तिकडं बघायचं काय आहे? डोंगर? डोंगर इकडंही आहेत, कुणी ढुंकून बघत नाही त्यांच्याकडं.

आजी


१६ जानेवारी

ती. आजी,

नमस्कार. चूक झाली. मामीला सांगणं सोपं होतं, तुला सांगणं अवघड, म्हणून तुझा नंबर शेवटी लागला.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. पाच वर्षं मशीनवर काचा घासल्या, दिवसाला चाळीस चष्मे, सगळे दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून. मालक म्हणाले, अकरा महिन्यांनी जागा रिकामी नसेल. मी म्हटलं, चालेल.

सात देश आहेत. बस, बोट, आणि जिथं जमेल तिथं पायी. एकटीच जाणार आहे. तयारी म्हणजे, दोन व्हिसे हातात आलेत, तिसऱ्यासाठी तीनदा फोटो काढला, प्रत्येक वेळी खिडकीतला माणूस म्हणतो कान दिसत नाहीत. दंडावर चार सुया टोचून घेतल्या. बूट घेतले, ते घरातही घालून फिरते, रुळावेत म्हणून. रोज संध्याकाळी बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून इमारतीचे सहा मजले चढते-उतरते. शेजारचे काका विचारत होते, घर बदलताय का, एवढ्या फेऱ्या?

पण दुकानातली बॅग उंच पुरुषांच्या पाठीसाठी कापलेली असते गं. पट्टा खांद्यावर टेकतच नाही, गळ्याला काचतो. म्हणून तुला लिहिलं. सामानाची यादी सोबत जोडली आहे.

एक गोष्ट मामीकडून कळण्याआधी मीच सांगते. तिकीट जायचंच काढलंय. यायची तारीख नक्की नाही म्हणून. दुसरं काही नाही.

तुझी टाचणी


२४ जानेवारी

दुसरं काही नाही म्हणतेस, म्हणजे आहे. तुझ्या आईनंही जाताना हेच शब्द वापरले होते.

यादी वाचली. तीन पुस्तकं कशाला? वाचायला जातेस का चालायला? दोरी लिहिली नाहीस. सुई-दोरा लिहिला नाहीस, आणि म्हणे तंबूवालीची नात. मोज्यांचे दोन जोड पुरणार नाहीत, चार घे. टॉवेल लिहिलास तो जाड, तो वाळतोय तोवर तू दुसऱ्या देशात. सामान जमिनीवर मांड, त्यातलं निम्मं उचलून ठेव, उरलेलं घेऊन जा. आणि खांद्यानं ओझं उचलायचं नसतं, कमरेनं उचलायचं. खांदा फक्त धरतो.

मानेचं हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडापर्यंत माप घे. दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग, स्वतःचं स्वतः घेतलंस तर दोन बोटं चुकशील. शिवते म्हटलेलं नाही. माप पाठव एवढंच म्हटलंय.

कारखान्यात आम्ही तंबूच्या, बॅगेच्या मागच्या बाजूला पाठ म्हणायचो. जिथं भार लटकतो तिथं पाठीला दोन कापडं पुरत नाहीत, तिसरी परत लावावी लागते. मुकादम खडूनं तिथं लिहायचा, 'परत'. शिवणाऱ्यांना कळायचं, इथं एक कापड आणखी. एकदा नवा गोदामवाला आला. त्यानं चाळीस तंबूंवर 'परत' वाचलं आणि चाळीसच्या चाळीस तंबू गोदामात परत नेऊन रचले. आम्ही आठ दिवस हात चोळत बसलो, तंबू का येईनात म्हणून. साहेब त्याच्यावर एवढा ओरडला की मलाही ऐकू आलं. तीस वर्षं मी ही गोष्ट सांगून लोकांना हसवते.

आता खरं बोल. माझ्या बटणांच्या डब्यात तळाला एक कार्ड होतं. तू दोन दिवस राहून गेलीस, त्यानंतर बटणं आहेत, कार्ड नाही. जिथून उचललंस तिथं आणून ठेव.

आजी


१ फेब्रुवारी

ती. आजी,

हो, मी घेतलं. मागितलं असतं तर दिलं नसतंस.

एकवीस वर्षं तू मला सांगत आलीस की आईचं शेवटचं पत्र बॅग फाटल्याचं होतं, त्यात काही नव्हतं. खरंच काही नाही. "आई, पाठ गेली. आता परत? लगेच कळव. टाचणीला पापा." एवढंच. पण मागे पत्ता आहे, आजी. मासळी डब्यात भरायचा कारखाना, त्यामागची कामगारांची खोली, शहर, देश. माझ्या सात देशांतला तो दुसरा आहे. बाकीचे सहा मी मामीला सांगायला घेतले, असं समज. डोंगर मला बघायचेच आहेत, पण आधी ही खोली बघायची आहे.

मला तिच्याकडून काही नको. फक्त एक विचारायचंय. जाताना मला झोपेतून उठवलं का नाही. तेवढं तिच्या तोंडून ऐकलं की मी पुढं चालायला मोकळी. नाहीतर मी इथं बसून काचाच घासत राहीन आणि मला जवळचंही दिसणार नाही.

त्या कार्डाला तू काय उत्तर दिलंस, ते कधी बोलली नाहीस.

माप सोबत. शेजारच्या काकूंनी घेतलं. नाही शिवलीस तर दुकानातली घेऊन जाईन, गळा काचला तर काचला.

टाचणी


९ फेब्रुवारी

बॅग पार्सलनं येते आहे. तुझ्या धमकीला भिऊन शिवलेली नाही. दुकानातल्या बॅगेची शिवण मी मामीच्या मैत्रिणीकडं बघितली, टाके मोजून घातलेत की फेकून, कळत नाही. तंबूचं जुनं कापड ठेवणीतलं होतं, तेच घेतलं. कापड पाणी धरत नाही. पाठीला तिसरी परत लावली आहे, ती उसवू नकोस. बकल बाजारातलं आहे, त्याची हमी माझी नाही.

उत्तर काय दिलं विचारतेस. जे कुणीही शहाण्या माणसानं दिलं असतं तेच. मला तोंडपाठ आहे. "पाठ गेली तर परत लाव. जाड लाव आणि वापर. फाटका माल घरी आणून काय करायचा, इथं ठेवायला जागा नाही." त्यात काय चुकलं? तीन महिन्यांत माझी शिवण फाडली तिनं, मला राग आला. तुझी आई लग्नाआधी दोन वर्षं कारखान्यात कामाच्या चिठ्ठ्या लिहायची, तेव्हापासून तिला दोन शब्दांत काम भागवायची सवय. तिच्याशी दोन शब्दांतच बोलावं लागायचं. त्यानंतर तिचं काही आलं नाही. मी आणखी तीन पत्रं टाकली. तिन्ही तशीच आली, वर शिक्का, माणूस सापडत नाही.

एका बॅगेसाठी रुसून बसली असेल, असं मी समजले. मग समजले, तिकडं तिला दुसरं घर सापडलं. मग समजणं सोडलं.

टाचणे, तू जाऊ नकोस. हे मी एकदाच लिहिणार आहे. मी एकोणऐंशी वर्षांची आहे. एक माझ्या हातच्या बॅगेसकट गेली. आता दुसरी बॅग मीच शिवली, पार्सलवर पत्ता मीच घातला, इस्त्रीवाल्यानं पोस्टात नेली. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या गल्लीत नसेल. त्या खोलीत जाऊन तुला काय सापडणार? ती नसली तर तू रडशील. असली तर जास्त रडशील.

निरोप द्यायला मी येणार नाही. तिथं माणसं हात हलवतात आणि मला काही ऐकू येत नाही.

कोणत्या गावी कोणत्या पोस्टात पत्र टाकायचं ते मोठ्या अक्षरात लिहून पाठव.

आजी


३ मार्च

ती. आजी,

निघाले. पोचले. पत्ते मागच्या पानावर.

विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली तेव्हा तिथल्या बाईनं शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, कुठून घेतली. मी म्हटलं, मिळत नाही.

पहिल्या दिवशी अकरा किलोमीटर चालले. दोन्ही टाचांना फोड. खोलीत आठ बिछाने आहेत, वर-खाली. माझा वरचा. खालची बाई शिट्टी वाजवल्यासारखी घोरते. सगळे एकमेकांशी बोलतात, हसतात, नकाशे पसरतात. मी मोजे वाळत घालते. काल रस्ता चुकले आणि एका बंद पेट्रोल पंपापाशी बसून राहिले. बॅग काढली नाही, काढली तर उठता येणार नाही असं वाटलं. सहा मजल्यांच्या फेऱ्या कामाला आल्या नाहीत, आजी. तिथं प्रत्येक मजल्यावर मला ओळखणारं कुणीतरी होतं.

त्या गावाची बस परवा आहे. तिकीट दोनदा काढायला गेले, दोनदा रांगेतून बाहेर आले.

टाचणी


१४ मार्च

फोड फोडू नकोस. त्यातून सुई-दोरा घाल, दोरा तसाच राहू दे, पाणी आपोआप निघतं. सुई आधी तापव. घेतलीस ना? यादीत मी घातली होती.

पेट्रोल पंपापाशी बसलीस ते ठीक केलंस. हरवलेल्या माणसानं एका जागी बसावं. पण बॅग काढायची. बसायचं तेव्हा ओझं खाली ठेवायचं, एवढंही सांगावं लागतं का?

भीती वाटत असेल तर ये निघून. कुणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर मला ऐकू येत नाहीत.

आजी


११ एप्रिल

महिना झाला. पोस्टातली बाई मला लांबूनच बघून मान हलवते, आता मी दारातूनच वळते. तुझा मामा म्हणतो, फिरतेय ती, मजेत असेल. त्याच्या बहिणीबद्दलही तो हेच म्हणाला होता. एकवीस वर्षं मजेतच आहे ती.

मी मशीनवर बसते आणि नुसता पाय मारते, कापड न घालता. मामी येऊन मशीन बंद करते.

टाचणे, पत्र मोठं नको. जिवंत आहे, एवढं लिही. तेही जमत नसेल तर रिकामं कार्ड टाक, मी तिकीट बघून समजेन. ती नाही भेटली तर नाही. माझ्या शिवणीला काय झालं, माझ्या पोरीला काय झालं, मला काही जाणून घ्यायचं नाही. तू तेवढी राहा.

आजी


२७ एप्रिल

ती. आजी,

तुझी दोन्ही पत्रं आजच एकदम मिळाली. माफ कर. पाच आठवडे मी ह्या एकाच गावात आहे आणि तुला काय लिहावं कळत नव्हतं.

मासळीचा कारखाना बारा वर्षांपूर्वी बंद पडला. तिथं आता मोटारी धुतात. मागच्या खोल्या पाडल्या. तीन आठवडे मी दारोदार आईचा जुना फोटो दाखवत फिरले. कुणी ओळखलं नाही. मग माझ्या बॅगेचं बकल तुटलं (शिवण नाही, बकल), म्हणून बंदराजवळ एका दुरुस्तीवाल्याकडं गेले. म्हातारा आहे. त्याची भाषा मला अर्धी कळते, माझी त्याला पाव. त्यानं बॅग उलटी केली, पट्टा कुठं जोडलाय बघायला अस्तर बाजूला केलं, आणि थांबला. आत तू खडूनं लिहिलेलं दिसत होतं, 'परत'.

त्यानं बोटानं वरची रेघ गिरवली. म्हणाला, वरून रेघ असलेली ही अक्षरं मी आधी पाहिली आहेत.

आजी, पुढचं मी त्याच्याकडून चार वेळा वदवून घेतलंय, हातवाऱ्यांसकट, म्हणजे चूक व्हायला नको. खूप वर्षांपूर्वी एक बाई आली होती. कमरेला रुंद पट्टा बांधलेला, वाकून चालायची, भिंतीला धरून. कारखान्यात पेट्या उचलताना पडली होती. हातात अशीच बॅग. बॅगेच्या पाठीला आणखी एक कापड लावून दे म्हणाली. ह्यानं बॅग तपासली. म्हणाला, बाई, हिला काही झालेलं नाही, एक टाका सुटलेला नाही, मी आजवर अशी शिवण पाहिली नाही. ती म्हणाली, आईनं सांगितलंय परत लावायला. आणि कुठं लावायची ते त्याच्या फळीवर खडूनं लिहून दाखवलं. मग स्टुलावर बसली, हसायला लागली, आणि हसता हसता तिला बसवेना झालं. त्यानं कापड लावून दिलं. तिनं बॅग नेली.

बॅगेची पाठ धड होती, आजी. तुझ्या हातची होती, तिला काय होणार? मग कार्डात कुणाची पाठ गेली होती?

ती आता इथून तीन तासांवरच्या गावात आहे. दुरुस्तीवाल्याला ठाऊक आहे, कारण ती तीन-चार वर्षांनी एकदा कमरेचा पट्टा बदलून घ्यायला येते. पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसते. बसून करायचं काम. त्यानं मला बसचा नंबर लिहून दिला. तो कागद बारा दिवस माझ्या बुटात आहे. मला जाववत नाही. आधी विचारायला एकच प्रश्न होता. आता मला तोंड उघडायचीच भीती वाटते, मी तुझ्याच घरून आले आहे ना.

काय करू सांग.

टाचणी


८ मे

तुझं पत्र दुपारी आलं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून ती झाकली, बाकीचं वाचलं, बोट उचललं तर ओळ तिथंच होती.

तेव्हा मी ते कार्ड चार वेळा वाचलं होतं. चारही वेळा मला बॅगच दिसली. कामावरून आले होते, साठ तंबूंचं काम अंगावर होतं, डोक्यात कापडच होतं. पाठ म्हटलं की कापड, परत म्हटलं की कापड. माणसालाही पाठ असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. आता येऊ का, असं विचारत होती पोर. मी तिला लिहिलं, फाटका माल घरी ठेवायला जागा नाही.

त्या गोदामवाल्याला मी तीस वर्षं हसले. त्याचे तंबू आठ दिवसांत सापडले होते.

रडले नाही. रडून कुणाची पाठ सरळ होत नाही. मामाला सांगितलं, तो खुर्चीत बसला तो उठलाच नाही. मामी इस्त्रीवाल्याला सांगेल, सांगू दे.

तिनं तुला एकवीस वर्षं विचारलं नाही, ते मात्र मी माझ्या अंगावर घेणार नाही. तिनं ठरवलं असेल की आईला नको, म्हणजे पोरीलाही नको. ते तिनं स्वतःच्या मनानं ठरवलं. त्याचा जाब तू माग, मी मध्ये पडणार नाही. आणि तुझ्या बॅगेत खडूनं लिहिलंय ते. तू विचारलं असतंस तर मी सांगणार होते, कारखान्याची सवय आहे. तिसरी परत तर माझी लावून झाली होती. लावून झाल्यावर कुणी खडूनं लिहीत नाही.

ह्या पाकिटात दुसरा कागद आहे, घडी घातलेला. उघडू नकोस म्हणत नाही, तू उघडशीलच. त्यात असं आहे.

"पाठ तुझी होती हे मला कळलं नाही. मला बॅगेची वाटली. तुझी आई शिकलेली नाही हे तुला ठाऊक होतं, पण एवढी अडाणी असेल असं मलाही वाटलं नव्हतं. घरात जागा आहे. तेव्हाही होती. परत ये. ये म्हणजे ये, लाव म्हणजे नाही. यायचं नसेल तर येऊ नकोस, पण ते एकदा मला सरळ कळव, पुऱ्या वाक्यात."

उद्या बस धर. बूट नीट बांध. खिडकीपाशी गर्दी असेल तर रांगेत उभी राहा, ह्या वेळी रांगेतून बाहेर यायचं नाही. तुझी पाळी आली की नाव सांगू नकोस, तिकीट मागू नकोस. बॅग काढून खिडकीच्या फळीवर ठेव, बॅगेची पाठ तिच्याकडं करून, आणि हा कागद आत सरकव. शिवण तिला ओळखता येईल, अक्षरही येईल. मग तुझं जे विचारायचं ते विचार. उरलेले पाच देश कुठं पळून जात नाहीत.

आणि ह्या पत्राला तू उत्तर लिहायचं नाही. तू लिहायला बसलीस की चार पानं लिहिशील आणि तिच्या बाजूचंही तूच लिहून टाकशील. कागद तिच्यापुढं ठेव, पेन दे, आणि बाजूला हो. तिनं लिहायचं.

आजी